विहंगावलोकन : जमीन, पाणी आणि भांडवल

उंच जागी चढून भोवतालचा मुलूख न्याहाळण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. गडाचा टेहळणी बुरूज, देवालयाचे शिखर, बंदरावरचा दीपस्तंभ यांनी ती थोडीबहुत भागवली. परंतु जिथून एरवी घारीनेच पाहावे, तिथून जमिनीचे छायाचित्र घेण्याचा पहिला मान पॅरिसचा छायाचित्रकार नादार याच्याकडे जातो. १८५८ मध्ये त्याने फुग्याच्या पाळण्यात बसून पॅरिसजवळच्या एका गावाचे चित्र घेतले. ते आज उपलब्ध नाही. १८६० मध्ये जेम्स वॉलेस ब्लॅक याने सुमारे १,२०० फुटांवरून घेतलेले बोस्टन शहराचे चित्र मात्र टिकले आहे. त्यातल्या दाटीवाटीच्या छपरांकडे पाहताना जाणवते, की रस्त्यावरून चालणाऱ्याला ठाऊक असलेले शहर आणि वरून दिसणारे शहर या दोन निराळ्या वस्तू आहेत.

पुढे विमान आले, उपग्रह आले. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो-८ यानातून विल्यम अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचे जे छायाचित्र घेतले, ते जगभर घरोघरी पोहोचले. त्याहून कमी गाजलेली, परंतु अधिक मोलाची गोष्ट १९७२ मध्ये घडली. त्या वर्षी लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह आकाशात गेला आणि तेव्हापासून पृथ्वीच्या त्याच त्या तुकड्याचे चित्र ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा घेतले जाऊ लागले. २००८ पासून हा संग्रह सर्वांना विनामूल्य खुला आहे. एकच देखणे चित्र भिंतीवर टांगता येते. तीस-चाळीस वर्षांची चित्रे ओळीने मांडली, की ती खतावणीसारखी वाचता येतात. कोणत्या खात्यात काय जमा झाले आणि कुठून काय खर्ची पडले, हे त्यांत लपत नाही.

वरून पाहण्याजोगे काही माणसाने विमानापूर्वीच करून ठेवले होते, हे खरे. पेरू देशातल्या नाझ्काच्या पठारावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी वरचे काळपट दगड बाजूला सारून खालची फिकट माती उघडी केली आणि वानर, कोळी, गुंजनपक्षी अशा प्रचंड आकृती रेखाटल्या. एकट्या गुंजनपक्ष्याची लांबी नव्वद मीटरांच्या वर आहे. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून त्या टिकल्या. मरिया राइखे या जर्मन विदुषीने आपले जवळजवळ सारे आयुष्य त्या रेषा मोजण्यात आणि झाडून राखण्यात वेचले. त्या कोणासाठी काढल्या असाव्यात, यावर अनेक ग्रंथ झाले आहेत. पण एका सरड्याच्या आकृतीमधून आज महामार्ग गेलेला आहे. रस्ता आखणाऱ्यांना ती जमिनीवरून दिसलीच नव्हती.

युरोपात वरून पाहावे असे नगर म्हणून इटलीतल्या पाल्मानोव्हाचे नाव प्रथम घेतात. व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे गणराज्य. मसाले, रेशीम आणि मीठ यांच्या उलाढालीवर ते श्रीमंत झाले होते. तुर्कांच्या व ऑस्ट्रियाच्या आक्रमणाची धास्ती होती, म्हणून १५९३ मध्ये पूर्व सीमेवर त्यांनी एक आदर्श तटबंदीचे शहर वसवायला घेतले. नऊ टोकांची चांदणी, मधोमध षट्कोनी चौक, तिथून किरणांसारखे फुटणारे रस्ते आणि तीन वेशी, असा त्याचा आराखडा. आजही विमानातून पाहिले, तर हिरव्या शेतांत कोणी भूमितीचे पुस्तक उघडे टाकले आहे, असे वाटते.

या शहरात एकच उणीव राहिली. राहायला कोणी येईना. सीमेवरचा मुक्काम, भोवती तट, बाजारपेठ नाही, बंदर नाही. व्हेनिसच्या साध्या दुकानदारालाही त्यात कसलाच लाभ दिसेना. अखेरीस १६२२ मध्ये सरकारने गुन्हेगारांना माफी देऊन त्यांना तिथे घरासाठी फुकट जागा देऊ केल्या. चारशे वर्षांनंतरही पाल्मानोव्हा हे पाच-सहा हजार वस्तीचेच गाव आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने व्हेनिसच्या तटबंदीबरोबर त्याचा जागतिक वारशात समावेश केला. ज्या वेढ्यासाठी एवढा खर्च केला, तो वेढा व्हेनिसच्या काळात पडलाच नाही, याला यशही म्हणता येईल. परंतु पेढी घालण्यापूर्वी गिऱ्हाईक पाहावे, एवढी साधी गोष्ट त्या मुरलेल्या व्यापाऱ्यांना कशी सुचली नाही, याचे नवल वाटते.

त्यानंतर वीस वर्षांच्या आतच उत्तर युरोपातल्या दुसऱ्या व्यापारी समाजाने जमिनीत पैसा घातला, तो मात्र फळाला आला. हॉलंडमध्ये अॅमस्टरडॅमच्या उत्तरेस बेमस्टर नावाचे मोठे सरोवर होते. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या उलाढालीतून व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळत होता. कंपनीच्या संचालकांपैकी डिर्क व्हान ओस आणि इतर काही धनिक एकत्र आले आणि त्यांनी भागीदारीत हे सरोवर कोरडे करण्याचा बेत केला. पाणी उपसून त्याची शेतजमीन करायची, जमिनीचे भागीदारांत वाटप करायचे आणि तिचा खंड घ्यायचा, असा सरळ व्यवहार होता.

त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. प्रथम सरोवराभोवती बांध घातला आणि बांधाच्या बाहेरून कालवा खणला. मग बांधावर पवनचक्क्या उभारल्या. एक पवनचक्की पाणी फार तर मीटर-दीड मीटर उचलते. सरोवराचा तळ त्याहून खोल, म्हणून चक्क्यांची रांग लावली. पहिली चक्की पाणी एका पातळीवर आणून सोडी, दुसरी ते तिथून उचलून पुढच्या पातळीवर नेई आणि शेवटची ते कालव्यात टाकी. अशा चाळीसहून अधिक चक्क्या अहोरात्र फिरत होत्या. १६१० मध्ये काम संपत आले असताना वादळात बाहेरचा समुद्रबांध फुटला आणि सारे पुन्हा पाण्याखाली गेले. भागीदार मागे हटले नाहीत. त्यांनी पुन्हा पैसे घातले आणि १६१२ मध्ये सुमारे ७,००० हेक्टर जमीन उघडी पडली.

त्या जमिनीची आखणी वरून पाहावी अशीच आहे. रस्ते आणि पाट काटकोनात, शेते एकसारख्या लांबट पट्ट्यांची, रस्त्यांच्या कडेने झाडांच्या रांगा आणि ठरावीक अंतरावर चौरस आकाराची, उंच निमुळत्या छपरांची शेतघरे. हिशेबाच्या वहीचे रकाने आखावेत, तशी ही भूमी आखलेली आहे. युनेस्कोने १९९९ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

वरून दिसत नाही ते असे, की ही जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी साडेतीन मीटर खाली आहे. पाणी उपसण्याचे काम १६१२ मध्ये संपले नाही. ते आजही चालू आहे. पवनचक्क्यांच्या जागी पंप आले, इतकाच फरक. काही दिवस पंप थांबले, तर सरोवर आपली जागा परत मागू लागेल. डच लोकांनी यासाठी तेराव्या शतकापासूनच जलमंडळे चालवली आहेत. त्यांचे प्रतिनिधी निवडून येतात, ती स्वतंत्र कर आकारतात आणि बांध व पाट यांची देखभाल करतात. भांडवल घातल्यावर घसाऱ्याची तरतूद दरवर्षी, न चुकता, पिढ्यान् पिढ्या करावी लागते, हे जाणून चालवलेला असा उद्योग जगात क्वचितच सापडेल.

वाळवंटात दिसणारा देखावा याच्या अगदी उलट आहे. सौदी अरेबियाच्या उत्तरेस वादी अस-सिरहानचे खोरे आहे. त्यावरून जाणाऱ्या विमानाच्या खिडकीतून तपकिरी वाळूवर शेकडो हिरव्या चकत्या मांडलेल्या दिसतात. प्रत्येक चकती म्हणजे एक शेत. फ्रँक झायबॅक या अमेरिकन शेतकऱ्याने शोधलेल्या आणि १९५२ मध्ये पेटंट मिळालेल्या यंत्राने ती भिजते. मध्यभागी विहीर, तिथून निघालेली लांबच लांब नळी चाकांवर उभी, आणि ती घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरत पाणी शिंपते. म्हणून शेतही गोल.

१९८० च्या दशकापासूनची उपग्रहचित्रे पाहिली, तर आरंभी तुरळक असलेल्या चकत्या वाढत वाढत सारे खोरे व्यापतात. देश अन्नधान्यात स्वावलंबी व्हावा, या हेतूने सरकार जागतिक दराच्या कितीतरी पट भाव देऊन गहू विकत घेत होते. ज्या देशात एकही बारमाही नदी नाही, तो काही काळ गव्हाची निर्यातही करू लागला. हे पाणी आले कुठून? हजारो वर्षांपूर्वी तिथले हवामान ओलसर असताना पडलेला पाऊस खडकांच्या थरांत मुरून राहिला होता. आज त्यात भर जवळजवळ पडत नाही. बँकेच्या भाषेत बोलायचे, तर या ठेवीवर व्याज मिळत नव्हते. मुद्दलच काढून खर्च होत होते, आणि गहू बाहेर विकणे म्हणजे तेच मुद्दल देशाबाहेर पाठवणे होते. २००८ मध्ये सरकारने देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने घटवून २०१६ पर्यंत थांबवण्याचे ठरवले. पुढे त्या धोरणात सवलतीही आल्या. परंतु चित्रांत हिरव्या चकत्यांच्या शेजारी करड्या, सोडून दिलेल्या चकत्याही आता दिसतात. मनुष्य तिथून निघून गेल्यावरही वाळूवर त्याच्या नफ्याचे वर्तुळ राहिले आहे.

तरीही सौदी सरकारने निदान हिशेब तपासला. अरल समुद्राच्या बाबतीत तो तपासला जाईपर्यंत समुद्र उरला नव्हता.

मध्य आशियातले हे खारट पाण्याचे सरोवर १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर पसरलेले होते, म्हणजे केरळ राज्याच्या पावणेदोन पट. जगातल्या सरोवरांत त्याचा चौथा क्रमांक होता. पामीर आणि तिआन शान या पर्वतांतून येणाऱ्या अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्यांवर ते जगत असे. सोव्हिएत नियोजनकारांनी या नद्यांचे पाणी वळवून वाळवंटात कापूस पिकवण्याचे ठरवले. कापसाला तिथे ‘पांढरे सोने’ म्हणत. १९५४ मध्ये सुरू झालेला काराकुम कालवा वाढत वाढत १,३०० किलोमीटरांवर गेला. बहुतांश कालव्याला अस्तर नव्हते, त्यामुळे शेतापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुष्कळ पाणी वाळूत जिरे. लँडसॅटची चित्रे एकापाठोपाठ एक पाहताना तो समुद्र ताटात ठेवलेल्या बर्फासारखा कडांनी आक्रसत जातो. १९८७ च्या सुमारास त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि २०१४ मध्ये दक्षिण भागाचे पूर्वेकडचे खोरे पूर्ण कोरडे पडले.

मुयनाक हे उझबेकिस्तानातले बंदर. तिथे मासळीचा मोठा कारखाना होता आणि हजारो कुटुंबे त्या व्यवसायावर पोसली जात. पाणी मागे सरू लागले, तेव्हा लोकांनी त्याच्यामागे कालवे खणले, म्हणजे नावा बंदराला लागू शकतील. पाणी त्याहून वेगाने गेले. आज मुयनाकच्या कड्याखाली वाळूत गंजलेल्या बोटी उभ्या आहेत आणि प्रवासी त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात. उघड्या पडलेल्या तळातले मीठ आणि कापसावर फवारलेल्या औषधांचे अंश धुळीबरोबर उडू लागले. त्या प्रदेशातल्या लोकांना श्वसनाचे विकार आणि रक्तक्षय यांनी ग्रासले. ही किंमत कापसाच्या गाठीवर कधी छापली गेली नाही. त्या कापसाचे सूत, कापड, कपडे जगभर विकले गेले. साखळीतल्या प्रत्येकाने आपापला नफा-तोटा चोख मांडला असेल; पण समुद्र कोणाच्याच वहीत नव्हता.

या कथेत एक दिलाशाचा भाग आहे, आणि तोही वरूनच स्पष्ट दिसतो. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने २००५ मध्ये कोकअरल येथे सुमारे १३ किलोमीटर लांबीचा बांध पुरा केला आणि सीर दर्याचे पाणी उत्तर भागातच अडवले. अपेक्षेपेक्षा लवकर पातळी चढली, खारटपणा उतरला आणि परागंदा झालेली काही कुटुंबे परतली. उपग्रहचित्रात एका सरळ रेषेच्या वर निळे पाणी आणि खाली पांढरे मीठ दिसते. ती रेषा म्हणजे तो बांध. दक्षिण भाग मात्र गेला तो गेलाच.

दुबईचे उदाहरण आता सर्वपरिचित आहे. व्यापारानिमित्त तिथे ये-जा असलेल्या अनेक कुटुंबांनी पाम जुमेराह हे बेट पाहिले असेल, म्हणजे त्यावर फिरले असेल. कारण त्याचा खजुराच्या झाडाचा आकार तिथे उभे राहून दिसतच नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या या भरावासाठी समुद्रतळाची वाळू उपसून आणली, कारण वाळवंटातली वाऱ्याने गोल झालेली वाळू भरावात एकमेकींत नीट बसत नाही. भोवतीच्या लाटारोधक बांधामुळे आतले पाणी साचून राहू लागले, तेव्हा बांधात खिंडी ठेवाव्या लागल्या. त्याच्या पलीकडे जगाच्या नकाशाच्या आकाराची सुमारे ३०० बेटे तयार केली. २००८ च्या मंदीनंतर त्यांतली बहुतेक वाळूची ढिगारेच राहिली. नकाशावर देश विकत घेण्याची कल्पना विमानातून फार मोहक दिसते, एवढे मान्य करावे लागेल.

समुद्र हटवून जमीन करणे आणि कापूस, हे दोन्ही धागे ज्या शहरात एकत्र आले, ते मुंबई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले. हाती आलेला पैसा कुठे गुंतवावा हे कळेना, तेव्हा समुद्रात भराव घालून जमीन विकण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांत सर्वांत गाजली ती बॅकबे रिक्लेमेशन कंपनी. तिचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे सुरतेचे जैन व्यापारी होते. पुढे मुंबईच्या शेअर दलालांची संघटना उभारणाऱ्यांतही त्यांचे नाव अग्रक्रमाने येते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले. १ जुलै हा मुदतीच्या सौद्यांचा दिवस. त्या दिवशी देणेकऱ्यांची रांग लागली आणि घेणेकऱ्यांचे हात रिकामे राहिले. ज्या भागांच्या तारणावर बँकांनी कर्जे दिली होती, त्या भागांना कागदाचे मोल उरले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये विसर्जित करून नव्याने उभारावी लागली. प्रेमचंदांचेही दिवाळे वाजले. मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी तेजीच्या काळात त्यांनी दिलेल्या देणग्या तशाच राहिल्या. मनोऱ्याचे बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पुरे झाले आणि त्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव मिळाले. वार्धक्यात दृष्टी अधू झालेल्या राजाबाईंना घड्याळाच्या ठोक्यांवरून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी, हा त्यामागचा हेतू असे सांगतात. ही कथा अनेक वाचकांनी घरीच ऐकली असेल. स्वतः प्रेमचंद हळूहळू सावरले आणि १९०६ पर्यंत जगले.

सुमारे २८० फुटांचा राजाबाई टॉवर हे त्या काळचे मुंबईतले सर्वांत उंच ठिकाण. शहराचे विहंगावलोकन करायचे, तर छायाचित्रकार त्यावरच चढत. एकोणिसाव्या शतकातल्या त्या चित्रांत पश्चिमेला ओव्हल मैदान दिसते, त्याच्या कडेने झाडांची रांग आणि आगगाडीचा रूळ, आणि रूळापलीकडे लगेच समुद्र. बुडालेल्या कंपनीने भरलेली अरुंद पट्टी एवढीच काय ती शिल्लक राहिली होती, आणि तिच्यावरून रेल्वे गेली. चर्चगेट हे तेव्हा खरोखरच समुद्राकाठचे स्थानक होते.

१९२० च्या दशकात सरकारने भरावाचे काम पुन्हा हाती घेतले. अंदाजपत्रक कोसळले, गैरव्यवहाराचे आरोप झाले, आणि बॅरिस्टर खुर्शीद नरिमन यांनी ते प्रकरण चव्हाट्यावर आणले. पुढच्या भरावाला नरिमन पॉइंट असे त्यांचेच नाव मिळाले, हा इतिहासाचा एक मिश्कील निवाडा म्हणावा लागेल. आठ भागांचा आराखडा अर्धवटच उतरला. पण जो उतरला, त्यावर मरीन ड्राइव्हची कमान उभी राहिली.

आज मनोऱ्याचे वरचे सज्जे सामान्यांना खुले नाहीत. विमानातून किंवा उपग्रहचित्रात पाहिले, तर ओव्हलच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाईचा टोकदार मनोरा असा दगडी इमारतींचा पट्टा दिसतो; पश्चिमेला, जिथे एकेकाळी लाटा येत, तिथे १९३० नंतरच्या गोलाकार सज्ज्यांच्या इमारतींची रांग. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. त्याच वर्षी मरीन ड्राइव्हपासून वरळीकडे जाणाऱ्या सागरी मार्गाचे काम सुरू झाले आणि २०२४ मध्ये त्यावरून वाहने धावू लागली. २०१८ चे आणि आजचे चित्र शेजारी ठेवले, तर ब्रीच कँडीपासून वरळीपर्यंत किनाऱ्याची रेषा पुन्हा एकदा पश्चिमेकडे सरकलेली दिसते.